रबर जळल्याचा वास

शाळेतला माझा पहिलाच दिवस होता. स्टाफरूममध्ये कुठली खुर्ची कुणाची हे कळत नव्हतं, म्हणून मी दाराशीच घुटमळत होते. कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसलेल्या एका बाईंनी माझं नाव विचारलं आणि आडनाव ऐकताच त्या सरळ मराठीत म्हणाल्या, "ये, बस इथे. मी नलिनी रामटेके. विज्ञान शिकवते. मला अपस्मार आहे, फिट येते. आली तर घाबरायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही. कांदा, चप्पल, किल्ल्या, काही म्हणजे काही हुंगवायचं नाही. चहा घेतेस?"

मी चहा घेतला. दुसरं काय करणार?

पश्चिम दिल्लीतल्या त्या हिंदी माध्यमाच्या शाळेत मराठी अशा आम्ही दोघीच. मी भूगोल शिकवायची. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच त्या माझ्या नलिनीताई झाल्या. मूळच्या भंडाऱ्याच्या. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते, म्हणून कुटुंब दिल्लीला आलं आणि वडील निवृत्त झाल्यावर उत्तमनगरच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर घर घेऊन राहिलं. मी ओळखू लागले तेव्हा वडील गेले होते. भाऊ विलास नागपूरला. घरात नलिनीताई आणि त्यांची आई, एवढ्या दोघीच.

शाळेत नवीन कुणीही आलं, शिक्षक असो, शिपाई असो की कँटीनमधली बाई, नलिनीताई पहिल्या भेटीत हे सगळं सांगून टाकत. शिपायाला म्हणत, "जूता मत सुंघाना भैया, हाथ जोड़ती हूँ." लोक ओशाळून हसत. त्या हसत नसत. एकदा बेशुद्धीत कुणीतरी खरंच जोडा नाकाशी धरला होता आणि दातांमध्ये चमचा घातला होता. त्यात त्यांच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. तो त्यांनी पुढे कधीच नीट करून घेतला नाही.

फिट येण्याआधी त्यांना कळायचं. नेहमी नाही, पण बहुतेक वेळा. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटे. मग समोरचं सगळं, ती खोली, ती माणसं, ते बोलणं, जसंच्या तसं आधी घडून गेलंय असं वाटे. आणि मग वास येई. रबर जळल्याचा, वायरवरचं वेष्टण वितळतं तसा. पुढे कधी फिट येई, कधी नुसताच वास येऊन जाई. डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं की ही फिटची पूर्वसूचना आहे असं आपण म्हणतो खरं, पण मुळात ती फिटच असते. मेंदूच्या एका कोपऱ्यात सुरू झालेली लहानशी फिट. तिथेच थांबली तर वास येऊन जातो, पसरली तर माणूस पडतो.

हे मला त्यांनी मेट्रोत उभ्या उभ्या सांगितलं होतं. मी विचारलं, "मग नाक दाबून का नाही बघत? खरा वास असेल तर जाईल."

"दाबून पाहिलंय की. माझा वास नाक दाबलं तरी राहतो. पण खरा वाससुद्धा घटकाभर नाकात राहतोच ना गं. आणि तेवढ्या वेळात हात माझं ऐकतील याचा भरवसा नाही. त्यापेक्षा शेजारच्याला विचारावं. सोपं पडतं."

म्हणून त्या विचारत. वर्गात, स्टाफरूममध्ये, रिक्षात. "रबर की बू आ रही है क्या किसी को?" आम्ही नाही म्हटलं की हातातलं काम तिथेच ठेवत, चष्मा काढून जवळच्या माणसाकडे देत आणि भिंतीपाशी खाली बसत. खुर्चीवर कधीच नाही. "पडायचंच आहे तर उंचावरून कशाला?" म्हणत. त्यांच्या वर्गातल्या मुलींना हे सगळं पाठ होतं. एक जण चष्मा घेई, एक जण बाक मागे सरकवी, एक जण घड्याळाकडे बघत बसे, कारण पाच मिनिटांच्या वर गेलं तर इस्पितळाची गाडी बोलवायची असं ठरलेलं होतं. तेरा-चौदा वर्षांच्या त्या मुली आमच्यापेक्षा शांत असत.

पण त्यातल्याच एकीच्या वडिलांनी तक्रार केली. अशी बाई ॲसिड आणि बर्नरजवळ कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. मुख्याध्यापिकेने नलिनीताईंची प्रयोगशाळा काढून घेतली, फक्त फळ्यावरचं शिकवायचं ठेवलं. मी चिडले होते. नलिनीताई म्हणाल्या, "त्यांचं चूक नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही लिहून दिलं असतं." त्यानंतर कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत त्या प्रयोगशाळेच्या बंद दाराजवळच्या बाकावर डबा खात.

लपवणं त्यांना जमायचंच नाही. तरुणपणी नागपूरचं एक स्थळ आलं होतं. वडिलांनी आणि विलासने ठरवलं होतं की आत्ता काही बोलायचं नाही, लग्नानंतर बघू. पाहुणे दिल्लीला आले. नलिनीताई पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आल्या, बश्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "मला अपस्मार आहे. गोळ्या चालू आहेत. तुम्हाला माहीत असावं." विलास बहिणीशी महिनाभर बोलला नाही.

"आणि पाहुणे?" मी विचारलं.

"पोहे संपवले आणि गेले. चांगले झाले होते पोहे."

एक गोष्ट मात्र त्यांना खूप लागली होती, ती कोमलची. सातवीतली मुलगी. वर्गात मध्येच शून्यात बघत बसायची, ओठ चावल्यासारखे हलवायची, हाक मारली तर ओ द्यायची नाही. सगळे तिला लक्ष नसल्याबद्दल ओरडत. नलिनीताईंनी एकदा तिला पाहिलं आणि बाहेर नेऊन बाकावर बसवलं. मी शेजारीच होते. काय होतं असं त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "इससे पहले क्या होता है, बेटा? सबसे पहले?"

 कोमल म्हणाली, "पेट में झूला चढ़ता है, मैडम. फिर डर लगता है. किसी बात का नहीं, बस ऐसे ही."

"फिर?"

"फिर पता नहीं."

नलिनीताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.  संध्याकाळी आम्ही दोघी कोमलच्या घरी गेलो. नलिनीताईंनी तिच्या आईला हळूहळू, समजुतीने सगळं सांगितलं. औषधाने आटोक्यात येतं, मी स्वतः नोकरी करते, असंही म्हणाल्या. ती बाई ऐकत होती आणि तिचा चेहरा कठोर होत चालला होता. शेवटी ती म्हणाली, "आपको है, तो सबको होगा क्या? मेरी लड़की की शादी करनी है मुझे. दोबारा मत आना." पुढच्या सोमवारपासून कोमल शाळेत आली नाही. दाखला घेऊन तिला गावाकडे पाठवलं, एवढंच कळलं. नलिनीताई दोनदा त्या गल्लीत जाऊन आल्या. घराला कुलूप होतं.

"आपण गेलो नसतो तर ती निदान शाळेत तरी राहिली असती," त्या मला म्हणाल्या. 

नलिनीताईंच्या आईबद्दल सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल सांगून होणार नाही. लहानपणी भंडाऱ्याला नलिनी म्हणायची, "आई, रबर जळतंय," की ही माउली उठून सगळं घर शोधायची. चूल, कोठी, परसातला केर, सायकलचे टायर. पोरीला भास होतोय, असं ती कधीही म्हणाली नाही. शेजारणींनी बाहेरची बाधा आहे, अंगात येतं, असं सुचवलं तेव्हा तिने त्यांना दाराबाहेर काढलं. पुढे निदान झालं आणि शोधायचं काही उरलं नाही. मग दोघींचं एक ठरून गेलं. लेक विचारी, "आई, वास येतोय का?" आई हवा हुंगल्यासारखं करी आणि म्हणे, "नाही माय, काही नाही जळून राहिलं. तुझाच आहे तो." त्यावर लेक निवांत खाली बसे. फिट आली तर आई उशाशी बसलेली असे. चाळीस वर्षं दिल्लीत राहूनही आईची बोली भंडाऱ्याचीच राहिली होती.

मी त्यांच्याकडे जेवायला जाई तेव्हा आई दिवाणावर बसलेल्या असत. गुडघे गेले होते, दमा होता, चालणं भिंतीच्या आधाराने. स्वयंपाक, औषधं, बाजार, सगळं नलिनीताईंकडे. आईंकडे एकच काम उरलं होतं, विचारलं की हवा हुंगून सांगायचं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघी आजारी पडल्या आणि वाचल्या. आईंना वास येईनासा झाला होता, पण महिन्याभराने त्या म्हणाल्या, येतो आता परत. त्यावर कुणी पुढे काही विचारलं नाही.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यातली गोष्ट. मी तिथे नव्हते. जे झालं ते नलिनीताईंनी मला नंतर इस्पितळाच्या व्हरांड्यात सांगितलं. एकदाच सांगितलं, आणि एकही शब्द इकडचा तिकडे न करता.

रविवारची दुपार होती. गरम वाऱ्याची लू चालली होती म्हणून दारं-खिडक्या बंद, कूलर चालू. नलिनीताई स्वयंपाकघरात होत्या. रबर जळल्याचा वास आला. त्यांनी गॅस बंद केला, बाहेरच्या खोलीत आल्या आणि विचारलं, "आई, वास येतोय का?"

आईंनी मान वर केली, हवा हुंगली. "नाही माय. तुझाच आहे तो."

नलिनीताईंनी चष्मा काढून दिवाणावर ठेवला आणि त्या भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या. डोळे मिटून घेतले. पोटातून काही चढलं नव्हतं, आधी घडून गेल्यासारखंही वाटत नव्हतं. पण तसं कधी कधी व्हायचं, नुसताच वास यायचा. त्या वाट बघत राहिल्या. फिट येईना आणि वासही जाईना. एरवी दोन्हींपैकी एक होतंच. तो वाढतच गेला आणि घशात खवखवायला लागलं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा दाराच्या फटीतून धूर आत येत होता.

खाली पार्किंगमध्ये ई-रिक्षा चार्जिंगला लावलेली होती, शेजारीच सगळ्या मजल्यांचे मीटर. आग तिथे लागली होती. दार उघडलं तर जिना काळाभोर. त्यांनी दार लोटलं, आईंना चादरीवर घेतलं आणि ओढत बाल्कनीत नेलं. बाल्कनीला चोरांच्या भीतीने वरपर्यंत लोखंडी जाळी लावलेली. खाली गल्लीत लोक ओरडत होते. बंब गल्लीच्या तोंडाशी अडकला, आत येईना. समोरच्या घरातल्या पोरांनी शिडी लावून जाळी कापली तोपर्यंत आईंचा श्वास घरघरत होता. धूर छातीत गेला होता. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

"मी बसले होते, शुभदा," नलिनीताई मला म्हणाल्या. "दार दहा पावलांवर होतं. जिना तेव्हा मोकळा असणार. आणि मी डोळे मिटून फिटची वाट बघत बसले होते."

विलास नागपूरहून आला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घराच्या भिंती अजून काळ्या होत्या, म्हणून शेजारच्या समाजमंदिरात सगळे जमले. बुद्धमूर्तीपुढे आईंचा फोटो ठेवलेला होता. त्रिशरण-पंचशील झालं आणि विलास बोलायला उभा राहिला. आईच्या कष्टांबद्दल बोलला, बहिणीने तिची केलेली सेवा सांगितली.  "त्या दिवशी नेमकी ताईला फिट आली," तो म्हणाला. "ती शुद्धीत असती तर आई आज आपल्यात असती. पण तिचा काय दोष? आजारापुढे कुणाचं चालतं?"

लोकांनी माना हलवल्या. एका बाईने नलिनीताईंच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटतं, त्या खोलीतल्या प्रत्येकाला विलासचं म्हणणं पटलं होतं, आणि प्रत्येकाला त्याने बरंही वाटलं होतं.

नलिनीताई उठून उभ्या राहिल्या. "मला फिट आली नव्हती," त्या म्हणाल्या.

"ताई, बस खाली."

"विलास, मला फिट आली नव्हती. मी शुद्धीत होते. वास खरा होता आणि मला तो माझा वाटला. हे असं झालं. तू दुसरं काही सांगू नकोस लोकांना."

विलासने मान खाली घातली.  मग कुणीतरी खीर वाढायला घेतली.

सगळे गेल्यावर मी आणि शारदा भांडी आवरत होतो. शारदा त्यांच्याकडे बरीच वर्षं कामाला होती. नलिनीताई पाठमोऱ्या बसल्या होत्या. शारदा एकाएकी रडायलाच लागली. "दीदी, मुझसे रहा नहीं जाता. अम्मा को बू आती ही नहीं थी. कोरोना के बाद कभी आई ही नहीं. दूध जल जाता, उन्हें पता नहीं चलता. मुझे कसम दी थी कि नलिनी को मत बताना."

मी हातातला पेला खाली ठेवला. आता काय होणार याची मला भीती वाटली. पण नलिनीताईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"पता है, शारदा," त्या म्हणाल्या.

शारदा गेल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "तुम्हाला माहीत होतं?"

"वास येतो म्हणाली, त्याच महिन्यात कळलं. तिच्या उशाशी उंदीर मरून पडला होता. दोन दिवस. तिला पत्ता नव्हता."

"मग विचारत का होतात त्यांना?"

 त्या म्हणाल्या, "तिला कुणी काही विचारायचंच उरलं नव्हतं गं. जेवतेस का, गोळी घेतलीस का, एवढंच. मी वासाचं विचारलं की ती अशी ताठ बसायची. आणि मलाही ते वाक्य ऐकायचं असायचं. तुझाच आहे तो. ऐकलं की भीती जायची. खरं असो नसो."

"म्हणजे त्यात दोघींचं..." मी बोलायला गेले.

"आईचं नाव घेऊ नकोस यात." एवढ्या कडक आवाजात त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या.

त्यानंतर नलिनीताई बदलल्या. विलासने नागपूरला चल म्हणून खूप आग्रह केला, पण त्या गेल्या नाहीत. भिंतींना रंग देऊन त्याच घरात एकट्या राहू लागल्या. शाळेत येत, शिकवत, नव्या माणसाला अजूनही सगळं सांगत. पण विचारणं त्यांनी बंद केलं. वास आला की त्या कुणाला काही न विचारता उठत आणि मोकळ्या जागेत जात. शाळेत असल्या तर मैदानात, घरी असल्या तर जिना उतरून गल्लीत. मी म्हटलं, जिन्यात पडलात तर? रस्त्यात गाडीखाली आलात तर? डॉक्टरही रागावले. त्यांनी गोळ्या बदलून दिल्या, कुणाला तरी सोबत ठेवा म्हणाले.

"रस्त्यावर पडले तर मी एकटीच पडेन," त्या म्हणाल्या.

आणि त्या पडल्या. एकदा कपाळाला खोक पडली, एकदा मनगट मोडलं. गल्लीतले लोक आधी घाबरले, मग सरावले. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने त्यांच्यासाठी बाहेर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली. ती बाजूला सारून त्या खालीच बसत, त्याच्या पायरीपाशी.

मागच्या हिवाळ्यात नलिनीताई गेल्या. झोपेत. सकाळी शारदाला दार उघडून मिळालं नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच फिट आली असावी, असं होतं कधी कधी, आणि झोपेतल्या माणसाला काही कळत नाही. विलास आला होता. या वेळी तो काही बोलला नाही.

त्याच्या दोन आठवडे आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. शाळा सुटल्यावर गाजरं घेऊन त्यांच्याकडे निघाले होते. दिवस मावळायला आला होता, धुकं उतरत होतं. गल्लीत वळले तर नलिनीताई डेअरीच्या पायरीशी कुशीवर पडलेल्या. फिट नुकतीच ओसरत होती. डेअरीवाल्याने स्वतःची शाल त्यांच्या डोक्याखाली घातली होती आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्या स्कूटर हाताने थांबवत होता. मी त्यांच्याजवळ बसले. हळूहळू त्यांचे डोळे स्थिर झाले. मला त्यांनी लगेच ओळखलं नाही.

बाजाराची पिशवी घेतलेली एक अनोळखी बाई थांबली. "क्या हुआ इनको?"

मी चक्कर आली असं म्हणणार होते. तोंडातून शब्द निघायच्या आत खालून नलिनीताईंचा जड आवाज आला. जिभेला चावा बसला होता, ओठांना रक्त लागलं होतं.

"मिर्गी है," त्या म्हणाल्या. "डरिए मत. छूने से नहीं लगती."

ती बाई दोन पावलं मागे सरकली, पदर नाकाला लावला आणि भिंतीच्या कडेकडेने निघून गेली. नलिनीताई तिच्याकडे बघत राहिल्या. मग माझा हात धरून उठल्या, शाल झटकून, घडी घालून डेअरीवाल्याला परत केली, कुर्त्यावरची माती पुसली. मी वर सोडायला येते म्हटलं तर नको म्हणाल्या. गाजरं माझ्या हातातून घेतली.

"तू जा आता. धुकं वाढलं की रिक्षा मिळत नाहीत."

जिन्यातला दिवा गेलेला होता. एका हातात गाजरांची पिशवी, दुसरा हात भिंतीला, अशा त्या चढत गेल्या. पहिल्या वळणापर्यंत मला त्यांची पाठ दिसत होती. पुढे नुसती पावलं ऐकू येत होती, एक पायरी, थांबणं, पुन्हा एक पायरी. वरचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत मी खाली उभी होते.